बोलावल्याशिवाय आत नाय

हरेश्वरभाऊंची बेल वाजवली की आतून पहिला प्रश्न येतो, "कोण?" आणि पाठोपाठ दुसरा, "कोणी बोलावलं?" मग बाहेर पोस्टमन असो, सोसायटीचे सेक्रेटरी असोत, नाहीतर दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन उभी असलेली मी. एकदा त्यांच्या बायकोने, सुलभावहिनींनी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या म्हणून कोपराने बेल दाबली. त्यांनाही तेच विचारलं गेलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वडलांनी बोलावलंय. लग्नाची बोलणी करायला तेच आले होते आमच्याकडं." तेव्हा कुठे कडी निघाली.

बोईसरला आमचे फ्लॅट समोरासमोर आहेत. भाऊ मूळचे चिंचणीचे. सगळी नोकरी तारापूरच्या एका कारखान्याच्या गेटवर झाली. निवृत्त झाले आणि बिचारे गेटाविना झुरायला लागले. मग घरात इंटरनेट आलं. सालवडहून आलेला जोडणीवाला "हो गया, अंकल" म्हणत निघाला, तर भाऊंनी त्याला अडवलं, "इसका गेट किधर है?" त्याने राऊटरमधली फायरवॉल दाखवली. बाहेरचं इंटरनेट आणि घरातले कॉम्प्युटर यांच्यामधली ती चौकी. त्या दिवसापासून भाऊ पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

सकाळी पेपरच्या आधी ते कॉम्प्युटरवर राऊटरच्या नोंदी उघडून बसतात. मी जिन्यात भेटले की हळूच सांगतात, "बाई, आज परत कोणीतरी दार वाजवून गेला. आमी हूं की चूं केलं नाय." मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्यासाठी 'बाई'. आलेल्याला 'नाही' म्हणायचं नसतं, नुसतं गप्प राहायचं असतं, हे त्यांनी मला कितीदा तरी समजावलंय. "बाहेरच्याला वाटलं पायजे, इथं घरच नाय."

गेल्या मे महिन्यात माझं नेट बंद पडलं आणि मी त्यांच्याकडे पासवर्ड मागायला गेले. काय काम, कोणत्या मोबाईलवर, किती वेळ, अशी उलटतपासणी झाली. शेवटी मला पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर घेतलं. "इथून तुमाला इंटरनेट दिसंल, आमचे कॉम्प्युटर नाय."

मी चिडलेच. "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखं आहे तरी काय?"

भाऊंनी खुर्ची सरकवून मला बसायला दिली आणि एक फोटो उघडला. चिंचणीची वाडी, रायवळ आंबा आणि त्यावर दोन पोरं. खालच्या पोराच्या चड्डीची नाडी लोंबतेय.

"खाली मी, वर दादा. मला वरच्या फांदीवर येऊ द्यायचा नाय. पण पयला आंबा मलाच टाकायचा."

मग भाऊ बोलतच सुटले. घराला दिवसा कडी नसायची. कोळीण टोपली घेऊन थेट मागच्या पडवीत यायची, आईशी गप्पा मारून पाणी पिऊन जायची. दुपारी जेवायला कोण कोण असेल ते आईलाही ठाऊक नसायचं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. असल्या घरातून हा असला माणूस निघाला!

"दादाने खोली बांधायला आंब्याचं झाडच तोडलं," भाऊ म्हणाले. "न विचारता."

त्यानंतर भाऊ चिंचणीला गेले नव्हते. रिक्षाने जाता येईल एवढ्यावर गाव, आणि वर्षानुवर्षं भावाशी बोलणं नाही.

"झाड आता इथंच तेवढं उरलंय, बाई. म्हणून गेट."

मी विषय बदलत विचारलं, "पण सगळंच अडवता, तर इंटरनेट चालतं कसं?"

भाऊ एकदम खुलले. "आतून आपण हाक मारली, तर तिचा जवाब आत येतो. फायरवॉलला ठाऊक असतं, हे आपणच मागितलंय. न मागता आलेलं तेवढं बाहेर!"

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या. "मग चिंचणीचा जवाब कसा यायचा? तुमी हाक मारलीत काय कदी?"

भाऊंनी चहा बशीत ओतला आणि तो तसाच निवला.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतः मला बोलावलं. मोबाईलवरून फोटो कसा पाठवायचा, ते विचारायला. आंब्याच्या फोटोखाली त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'दादा, याची एखादी कोय रुजली काय वाडीत?' मग मोबाईल समोर ठेवून बसून राहिले. दादांनी फोटो पाहिल्याची खूण आली. उत्तर मात्र आलं नाही. संध्याकाळी भाऊ राऊटरच तपासायला लागले, जवाब तिथे अडकला की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची बेल वाजली. मी सवयीने कान दिला. "कोण?" आलं नाही. "कोणी बोलावलं?" तर नाहीच नाही. नुसती कडी निघाल्याचा आवाज आला. मी दार उघडून पाहिलं. भाऊंसारखंच नाक असलेले एक म्हातारे गृहस्थ रुमालात काहीतरी धरून उभे होते.

"मला ते टायपायला नाय येत, हरू. म्हणून आलो." त्यांनी रुमाल सोडला. आत एकच छोटा, पिवळा आंबा होता. "झाड तोडलं तवाच कोय लावली होती. औंदा पयल्यांदा धरलाय. पयला तुजा."

भाऊंनी आंबा दोन्ही हातांत घेतला. वहिनी डोळे पुसत आत पळाल्या.

थोड्या वेळाने मी गेले, तर दोघे भाऊ एका सोफ्यावर बसले होते आणि दादांना त्यांच्या मोबाईलवर वाडीचे सगळे फोटो हवे होते. भाऊंनी तो मोबाईल घेतला, काही एक न विचारता पासवर्ड घातला आणि परत दिला.

घरच्या नेटवर्कचा पासवर्ड. मी अजून पाहुण्यांच्याच नेटवर्कवर आहे.