आधी जुने सीपीयू संपवा

आमच्या गोरव्यातल्या ॲनिमेशन स्टुडिओत सीपीयूच्या जागी ग्राफिक्स कार्डं चालतील का, या प्रश्नाचा निकाल मी लावलेला आहे. तो लोकांना पटत नाही, हा लोकांचा दोष. मी, संपतराव, बाजव्याकडच्या एका कारखान्यात जन्मभर भांडार सांभाळलं. माझ्या राज्यात एक वॉशरही कधी वेळेआधी बाहेर पडला नाही. निवृत्तीनंतर पुतणीच्या स्टुडिओत पैसे घातले, तेव्हा कपाटांच्या किल्ल्या ओघानेच माझ्याकडे आल्या.

पुतणी मोहना तीन वर्षं एक सिनेमा करत होती. विश्वामित्री नदीला पूर येतो आणि एक मगर सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरते, अशी गोष्ट. मुलांच्या एका चॅनेलने तो घ्यायचं कबूल केलं होतं, पण दिवाळीआधी हातात पडला तरच. चित्रं काढून झाली होती; कॉम्प्युटरने त्यांना उजेड, सावली, पाणी चढवायचं तेवढं बाकी होतं. यालाच रेंडरिंग म्हणतात. आमचे जुने सीपीयू मगरीचं शेपूट भिजवायलाच अख्खी दुपार घ्यायचे.

"काका, ग्राफिक्स कार्डं घेऊ या. नाहीतर दिवाळी हातची गेली," मोहना म्हणाली.

मी काही मागासलेला नाही. कार्डं आणली. हार घातला, नारळ फोडला, शेजारच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात पेढे वाटले. मग कार्डं कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"काका?"

"जुने सीपीयू चालतायत ना अजून? आधी ते संपव. जुना माल शिल्लक असताना नवा फोडायचा नाही."

"सीपीयू म्हणजे काय तांदूळ आहेत, संपायला?"

मुलगी तोंडाळ, आमच्या वहिनींवर गेलीय. तरी चाचणीपुरतं एक कार्ड दिलं. चहा निवायच्या आत फ्रेम तयार! मगरीचे दात असे लखलखले की मी खुर्ची मागे सरकवली. अहो, अशी वस्तू साध्यासुध्या फ्रेमसाठी झिजवायची? मी तातडीने कार्ड काढलं, पुसलं, परत ठेवलं आणि कपाटावर चिठ्ठी चिकटवली : सदर कार्डं योग्य प्रसंग येईपर्यंत राखीव.

योग्य प्रसंग आला. पुराचं पाणी, त्यावर तरंगणाऱ्या स्कूटर, गच्चीवर अख्खी सोसायटी. मी स्वतः कुलूप उघडलं. तर तो सीन कार्डांच्या मेमरीत मावेचना!

"एवढा एक सीपीयूवर करू," मोहना म्हणाली. "बाकीचा सिनेमा कार्डांवर. मोठे स्टुडिओसुद्धा दोन्ही वापरतात, काका."

"म्हणजे मोठं काम यांना झेपत नाही आणि लहान काम यांना शोभत नाही. विषय संपला."

ती रडली. खरंच रडली, आणि मलाही फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून भांडाराचे नियम बदलत नसतात.

दसऱ्याला चॅनेलचे हसमुखभाई स्टुडिओ बघायला आले. मी कपाटाला काच बसवून आत रंगीत दिवे सोडले होते. "वाह काका, जोरदार छे!" म्हणाले. मग म्हणाले, "अने फिल्म?" मगर तेव्हा पार्किंगच्या फाटकापर्यंत पोचली होती. "थई जशे, थई जशे," होऊन जाईल, असं मी त्यांना त्यांच्याच गुजरातीत सांगितलं. नाही झालं. दिवाळीला त्या चॅनेलवर सुरतेच्या कुणाचं तरी माकड उड्या मारत होतं.

मोहना नोकरी धरून पुण्याला गेली. निघताना पाया पडली आणि म्हणाली, "काका, तुमचा काय दोष? तुम्ही मलाही जपूनच ठेवलंत." तो टोमणा होता हे मला ती गेल्यावर कळलं.

परवा बाजारात दुप्पट वेगाची कार्डं आली. मी तीही घेतली. पण आधीची अजून कोरी करकरीत आहेत. ती संपल्याशिवाय ही काढणार नाही.

हसताय? हसा, हसा. आज दुपारी तुमच्या घरी गरम पोळ्या झाल्या होत्या. तुम्ही त्या झाकून ठेवल्यात आणि आधी कालच्या संपवल्यात. आजच्या उद्या खाल, शिळ्या झाल्या की.