पावणेतीनचा भोंगा

हवेचं काम म्हटलं की परदेशीपुऱ्यात एकच नाव, दिनानाथ! म्हणजे मीच. मिलमध्ये बावीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळला. पाइप कुठं गळतोय हे नुसत्या कानानं सांगायचो. आता चौदा महिन्यांपासून मिलच बंद, त्याला मी काय करणार? कान तर शाबूत आहेत!

त्यामुळे दगडूनं बोलावलं तेव्हा मी छाती फुगवूनच गेलो. दगडू माझा शेजारी. महूचा माणूस, फौजेत ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यानं लिलावात फौजेचाच जुना ट्रक उचलला. पेपरात रोज यायचं, देश खुला होतोय, माल धावणार. दगडूचं म्हणणं, माल काय पायानं धावणार आहे? ट्रकच लागणार! मंडीतला एक व्यापारी सोयाबीनची पोती द्यायला तयार होता, आणि दगडू मला मेकॅनिक म्हणून सोबत घेणार होता. अट एकच. सोमवारी आरटीओत ट्रक पास झाला पाहिजे.

आणि ट्रकचा एअर हॉर्न बोलत नव्हता. केबिनमधली दोरी ओढली की नुसतं ‘फुस्स’! सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयाचासुद्धा आवाज त्याहून मोठा असतो.

“दिनाभिया, जमेल का? उद्याच सोमवार आहे.”

“दगडू, अर्ध्या तासात बोलतो का नाही बघ!”

आधी पाइपाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. मग कर्ण्यात तार घातली, तर आतून ढेकूळ निघालं. कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, चांगलं तीन खोल्यांचं! ते काढलं. आता ‘फुस्स’चं ‘पिस्स’ झालं.

“मघाशी बरा होता,” दगडू म्हणाला.

मला राग आला. मी हॉर्नची हवा सोडणारी चावी खोलली, आतली मऊ पडलेली स्प्रिंग फेकली आणि माझ्या पेटीतली मिलची दणकट स्प्रिंग बसवली. कर्ण्यामागचा स्क्रू पिळला. “ओढ आता!”

दगडूनं दोरी ओढली. भोंऽऽऽऽ! असा खर्जातला, भरदार आवाज, की झाडावरचे कावळे उठले. मी टाळ्या पिटल्या. दगडूनं दोरी सोडली. हॉर्न चालूच! स्प्रिंग आत आडवी झाली होती.

“इंजिन बंद कर!” मी ओरडलो.

“बॅटरी मेलीय! बंद केलं तर परत ढकलायला पलटण लागेल!”

“मग मोठा पान्हा आणतो!” म्हणून मी घराकडे पळालो.

दारात इंदुमती, माझी बायको, डबा घेऊन उभी. डोळे भरलेले. “घ्या, सकाळची पोळीभाजी भरलीय. पावणेतीन झाले की हो!”

पावणेतीन! तीनच्या पाळीचा मिलचा भोंगा बरोबर पावणेतीनला व्हायचा. आणि आवाज हुबेहूब तोच. आता सांगायला लाज वाटते. मी पान्हा घेतला, डबाही घेतला, आणि माझे पाय बावीस वर्षांच्या सवयीनं मिलकडे वळले.

गल्लीगल्लीतून लोक निघाले होते. कुणी शर्टाची बटणं लावतंय, कुणी सायकलवर टांग टाकतंय. एकानं मलाच विचारलं, “भिया, चालू हो गई क्या?”

“बहरे हो क्या? भोंगा सुन तो रहे हो!” मी म्हणालो. मी!

गेटवर साठ-सत्तर माणसं जमली. वॉचमन वासुदेव गंजलेलं कुलूप उघडत होता. “मला कुणी कळवलं नाही, पण भोंगा झाला म्हणजे...” कुलूप निघालं. दार करकरलं. आत गुडघाभर गवत.

तेवढ्यात भोंग्याचा आवाज उतरू लागला. खर्जातून घोगरा, घोगऱ्यातून रडका, आणि शेवटी एक लांब ‘फुर्रर्र’! दगडूनं अखेर इंजिन बंद केलं होतं. टाकीतली हवा संपली. मिलचा भोंगा कधी असा मरत नसे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

एकेक नजर माझ्याकडे वळली. तोंडाला ग्रीस, एका हातात पान्हा, दुसऱ्यात डबा.

“दिनानाथ,” सूतखात्यातल्या गंगूबाई शांतपणे म्हणाल्या, “हे तुझं काम?”

“हो मावशी. ट्रकचा हॉर्न. चुकलंच माझं.”

वाटलं, आता मार खाणार. गंगूबाई गेटच्या पायरीवर बसल्या, त्यांनी डब्याचं झाकण काढलं. “भाकरी आणलीय ती परत नेऊ होय? या, बसा सगळे.”

सगळे सावलीत बसले. चौदा महिन्यांनी डबे एकमेकांकडे फिरले. कोण कुठं काय करतो, कुणाची लेक कुठं दिली, सगळं निघालं. वासुदेवनं गेटला परत कुलूप घातलं, पण लगेच नाही. जेवण झाल्यावर.

मी स्प्रिंग सरळ केली. सोमवारी सकाळी याच मंडळींनी ट्रक ढकलून चालू करून दिला. गंगूबाई मागून हुकूम सोडत होत्या.

आरटीओत साहेबांनी टायर पाहिले, दिवे पाहिले. “हॉर्न?”

माझ्याकडे अभिमानानं बघत दगडूनं दोरी ओढली, आणि ओढूनच धरली. भोंऽऽऽऽ! हॉर्न अख्ख्या आवारात घुमला. बाबू लोक खिडक्यांत आले. साहेबांनी मान डोलावली. “बढ़िया! अब ज़रा ब्रेक दिखाओ.”

दगडूनं ट्रक पुढं घेतला आणि ब्रेकवर पाय दिला. ट्रक पुढंच! त्या ट्रकात हॉर्नला आणि ब्रेकला हवा एकाच टाकीतून जाते, आणि ती सगळी आत्ताच वाजवून झाली होती. ट्रक अगदी सावकाश, कुणालाही धक्का न लावता, पाणपोईत शिरला आणि तीन माठ फोडून थांबला.

साहेबांनी पँटवरचं पाणी झटकलं आणि पेनचं टोपण काढलं.

“हॉर्न पास. गाड़ी फेल.”

आणि कागदावर तसंच लिहिलंसुद्धा!