बशीतला पापुद्रा

"आज पापुद्रा सुटणार म्हणजे सुटणार! अख्खा! लिहून घ्या!" घाईताईंनी सकाळी सकाळी साऱ्या प्रयोगशाळेला ठणकावलं.

घाईताई हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी दिलेलं. अर्थात पाठीमागे! त्यांचं काम मात्र घाईचं अजिबात नव्हतं. बशीच्या तळाला एका खास पॉलिमरचा पातळ लेप द्यायचा आणि त्यावर पेशी वाढवायच्या. ऊब असेपर्यंत पेशी लेपाला गोचिडासारख्या चिकटून बसतात. बशी गार झाली की लेप पाणी पिऊन फुगतो आणि पेशींचा पापुद्रा अलगद सोडून देतो. मग तो अधू डोळ्यावर बसवायचा.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात सतरा पापुद्र्यांच्या चिंध्या झाल्या होत्या! डोळ्यांचे सर्जन वैतागून म्हणाले होते, "आज शेवटचं येतो. नाहीतर मी दुसरा मार्ग धरतो."

आणि नेमकी आजच आई लेकीचं काम बघायला आली!

"आई, या खुर्चीवर बस. कशालाही हात लावू नकोस."

"मी काय कुकुलं बाळ आहे का गं?"

घाईताई सर्जनांना आणायला धावल्या. ते भलत्याच इमारतीत शिरले होते. त्यांना हुडकून आणण्यात पाऊण तास गेला.

"बघा सर!" धापा टाकतच घाईताईंनी बशी उचलली. "आत्ता पेशी अशा घट्ट आहेत, की भूकंप झाला तरी हलायच्या नाहीत!"

त्यांनी बशी हलवली. पापुद्रा तळ सोडून वर आला आणि त्याने डौलात एक गिरकी घेतली.

"भूकंप जोराचा दिसतोय," सर्जन म्हणाले.

घाईताईंचा चेहरा पांढराफटक! "आई! तू काय केलंस?"

"काही नाही! बशीला बोटसुद्धा लावलं नाही. खालची ती शेगडी तेवढी बंद केली."

"ती शेगडी नाही, हॉट प्लेट आहे! सदतीस अंशांवर मुद्दाम चालू ठेवली होती!"

"मला काय माहीत? खोलीत कुणी नसताना कशाला चालू ठेवायची?"

"तू होतीस ना!"

"मी पेपर वाचत होते!"

एवढ्यात सर्जनांनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बशी हळूहळू फिरवत त्यांनी पापुद्र्याची कड न् कड तपासली.

"मॅडम, हा अखंड आहे. कुठे चीर नाही, भोक नाही. आधीचे सतरा कसे गार केले होते?"

"बर्फावर," घाईताई पुटपुटल्या. "पाच मिनिटांत."

"म्हणजे पेशी गारठून जागच्या जागी आखडल्या. त्यांना सुटायला सवड तर हवी! मग काय केलंत?"

"चिमट्याने... जरा ओढलं."

"ओढणारच!" आई खुर्चीतून उठलीच. "लहानपणी गुडघ्यावरची खपली सुकेपर्यंत दम धरवायचा नाही हिला. उपटायची, आणि मग भोकाड पसरायची!"

दाराआडून कुणीतरी फिस्सकन हसलं. घाईताईंनी न ऐकल्यासारखं केलं आणि वहीत नोंद केली: 'उष्णता बंद. खोलीच्या तापमानाला पाऊण तास. ओढू नये.' कुणी केलं, हा रकाना मात्र त्यांनी कोराच ठेवला.

सर्जन खुशीत निघाले. "मंगळवारी परत करून बघू. आणि मॅडम, तुम्हाला वेळ नसेल तर राहू द्या. आईंना पाठवा!"