उघड्या बियांचे खंडारे सर

खंडारे सरांच्या हाती पुष्पगुच्छ देऊ नये, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दिला की ते त्यातलं एक फूल उपटत, नखानं त्याचा बुडखा चिरत आणि देणाऱ्याच्या नाकासमोर धरत. "पाहा, बी कसं झाकून ठेवलं हाय! म्हणून हे आवृत्तबीजी." माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला तिवशाला आले, तर नवऱ्या मुलाच्या हारातलाच गुलाब चिरला. मुलाची आई ताटावरून उठली. मी हातापाया पडून तिला परत बसवलं.

मी अमरावतीत त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. वनस्पतिशास्त्र मला त्यांच्या ओरडण्यातूनच आलं. फाटकाशी सुरूचं झाड होतं. सुईसारखी पानं, शंकूसारखी बोंडं. दर वर्षी नवी पोरं त्याला अनावृत्तबीजी, म्हणजे उघड्या बियांचं, म्हणत आणि सर कपाळाला हात लावत. "फसले! बारीक फुलं येतात त्याले. नुसतं तोंड पाहून काहून सांगता?"

खरं उघड्या बियांचं झाड एकच, प्रयोगशाळेमागचा सायकस. फूल नाही, फळ नाही. पानासारख्या पिवळट पात्यांच्या काठाला बिया उघड्याच लागायच्या. झाड मादी होतं आणि नर झाड अकोल्याला, सरांच्या एका ओळखीच्यांच्या अंगणात. त्याला शंकू आला की सर रजा टाकून एसटीनं जायचे, पाकिटात पराग आणायचे आणि स्टुलावर चढून रंगाच्या ब्रशनं झाडावर शिंपडायचे. मी स्टूल धरायचो.

"मूळ, खोड, पान, पराग, बी, सगळं गुलाबाले अन् हिले सारखंच हाय," ते वरून सांगायचे. "फक्त हिच्यापाशी बी झाकाले काई नाही रे."

पोरं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी एकच मुलगी उरली, पातूरची. दिवाळीनंतर तीही नर्सिंगला गेली. सर आठवडाभर रिकाम्या बाकांना शिकवत राहिले. मला बघवेना, म्हणून मीच जाऊन पहिल्या बाकावर बसलो. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले, दोन्ही चुकले.

मग विभागच बंद झाला. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आले आणि मागे गाड्या लावायला जागा हवी म्हणून सायकस तोडला. त्या दिवशी सर नेमके अकोल्याला गेले होते. संध्याकाळी आले, मोकळ्या जमिनीकडे बघत उभे राहिले.

"मुळं तरी ठेवली का?"

नव्हती ठेवली. त्यांनी परागाचं पाकीट खिशात परत सरकवलं आणि पायीच घरी गेले. त्याच महिन्यात निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ नको म्हणाले.

पुढे चार-पाच महिन्यांनी मी भातकुली रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो. बाहेरूनच तो खडा आवाज ऐकू आला. शिकवणी लावली वाटतं, म्हणून मला बरं वाटलं.

आत खाटेवर सरांच्या पत्नी, कुसुमकाकू होत्या. पाठीशी उशा, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर निपचित. अर्धांगवायू झाला होता. मला कोणी कळवलंच नव्हतं. समोर स्टुलावर सर, हातात चिडाचा, म्हणजे पाइनच्या झाडाचा, वाळका शंकू.

"डॉक्टर म्हणाले, तिच्याशी सारखं बोलत राहा," सर म्हणाले. "मले दुसरं काई बोलताच येत नाही, वासुदेव."

"समजते का त्यायले?"

"तिले कधी समजलं? लगन झालं तवापासून मी सुरू झालो का दोन मिनिटांत म्हणे, 'झालं का तुमचं?'" त्यांनी टॉवेलच्या टोकानं काकूंच्या ओठांची कड पुसली. "तेवढं म्हणू दे तिले एकडाव. मंग मी थांबतो."

मी चहा करायला आत गेलो. मागे सरांनी घसा साफ केला आणि 'मूळ, खोड, पान' या साम्यापासून पुन्हा सुरुवात केली.