शोधणारा रोजचा पाहिजे

दांडग्यांच्या मोबाइलमध्ये सहा नंबर सेव्ह आहेत. सातवा त्यांनी होऊ दिला नाही. आमच्या लॅबच्या मालकांचा फोन आला तरी ते शांतपणे विचारतात, "कोण बोलतंय?" मालक चिडले की दांडगे म्हणतात, "साहेब, फोन तुम्ही मला करता. मी तुम्हाला कधी करतो? मग नंबर ठेवून काय करू?"

दांडगे मूळचे कन्नड तालुक्यातले. रक्त-लघवी तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये ते डेटाबेस सांभाळतात आणि अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. ढीगभर रिपोर्टांतून हवा तो चटकन सापडावा म्हणून आम्ही इंडेक्स बनवतो, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची. कुणी नवा इंडेक्स मागितला की दांडगे डोळे मिटतात. "शोधणारा रोजचा हाय का कधीमधीचा?" कधीमधीचा असेल तर नाही. कारण नवा पेशंट आला की त्याला प्रत्येक सूचीत बसवावं लागतं. "शोधणाऱ्याची मजा, लिहिणाऱ्याची मरमर," असं ते म्हणतात. आणि जो काही इंडेक्स बनवायचा तो काउंटर बंद झाल्यावर.

मी दोन्ही नियम मोडले. एका डॉक्टरांना वर्षातून एकदा गावाच्या नावावरून पेशंट शोधायचे असत. दांडग्यांनी नकार दिला. डॉक्टर मला म्हणाले, "इथं हुशार तुम्हीच," आणि मी फुगलो. सकाळी आठ वाजता, दांडगे चहाला गेलेले पाहून, इंडेक्स बनवायला लावला. तो बनेपर्यंत एकही नवी नोंद होईना. बाहेर साखर तपासायला आलेली माणसं, सगळी उपाशीपोटी. गंगापूरच्या एक मावशी काउंटरवर येऊन म्हणाल्या, "टोचायचं तर टोचा, नाय तर मला च्या पिऊ द्या." तासाभरात निम्म्या लोकांनी समोर जाऊन पोहे खाल्ले. तपासण्या बुडाल्या.

मालक आले. "कुणी केलं हे?"

मी कीबोर्डकडे पाहत राहिलो.

"मी," दांडगे म्हणाले. त्यांना पंधरा दिवस घरी बसवलं.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. रविवारी माफी मागायला निघालो तेव्हा लक्षात आलं, मी त्यांच्या घरी कधी गेलोच नव्हतो. हर्सूलकडची सोसायटी तेवढी ऐकून होतो. तीन जिने चढून सहा दारं वाजवली. सहाव्या दारात दांडगे उभे, बनियनवर.

"दारावर पाटी नाही तुमच्या." माफीऐवजी माझ्या तोंडून हेच निघालं.

"होती. ही गेल्यापासून कुणी शोधत आलं नाय. काढली."

मग मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुणी काय केलं ते कॉम्प्युटर लॉगमध्ये लिहून ठेवतो. तिथं तुमचंच नाव होतं. मालक यायच्या आधीच वाचलं."

"मग स्वतःवर का घेतलं?"

"तुम्हाला घरी बसवलं असतं तर वहिनींनी विचारलं असतं, लेकरांनी विचारलं असतं. मला काय, लई निवांत."

सोमवारी मी मालकांना खरं सांगितलं. त्यांनी दांडग्यांना परत बोलावलं आणि मला घरी बसवलं. घरात मला सगळ्यांनी विचारलं, सासऱ्यांनी तर गावावरून फोन करून विचारलं.

पुढच्या रविवारी पुन्हा दांडग्यांकडे गेलो. दारावर पाटी होती. एकाच खिळ्यावर, तिरकी लटकलेली.

"दुसरा खिळा मारायचा राहिला का?" मी विचारलं.

दांडग्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "दोन-चार रविवार बघू," म्हणाले.