दाजीबांचा डावा खांदा

दाजीबा जगदाळे आमच्या दारातून कधी समोरून आत आले नाहीत. आधी उजवा खांदा यायचा, मग मिशी, मग उरलेले दाजीबा. दार चांगलं रुंद होतं आणि दाजीबा काही जाड नव्हते; पण तलवारबाजाने जगाला समोरून छाती द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. देवीपुढेही हात जोडायचे ते तिरकेच. आमच्या देवासात रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. एका रस्त्यावर दोन राज्यं. दाजीबा मधून निघाले की दोन्हीकडची रयत बाजूला होई, कारण असा चालणारा माणूस कुठे वळेल याचा नेम नसे.

मी दरबारच्या शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी, म्हणून मला उपदेश फुकट मिळे. "उजवा खांदा पुढे, मास्तर!" माझी बढती अडली, सासरे रुसले, बायकोला हिवताप आला, औषध हेच. शाळा तपासायला साहेब आला तेव्हा मी दाजीबांचं ऐकून तिरका उभा राहिलो. माझी मान अवघडली आहे का, असं साहेबाने फार कळवळ्याने विचारलं.

मैदानावर मात्र या खांद्याची चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती. दसऱ्याला देवीच्या टेकडीखाली देवास आणि धार यांचा फरी-गदग्याचा सामना होई. डाव्या हातात फरी, म्हणजे छोटी ढाल; उजव्या हातात गदगा, म्हणजे तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेली काठी. गदगा ओल्या चुन्यात बुडवून उतरायचं. ज्याच्या काळ्या बंडीवर पहिला पांढरा पट्टा उमटेल तो हरला. दाजीबा कधीच हरले नव्हते. दरबारने दिलेला मानाचा मंदील त्यांच्या डोक्यावरून उतरलाच नव्हता.

धारचे खंडेराव दर वर्षी हरायला येतात, असं दाजीबाच सांगत. पण खंडेराव उतरायचे दाजीबांकडेच. दाजीबांची बायको फार लवकर गेली. त्यांनी दुसरी केली नाही. एरवी आमच्याकडून आमटी नेणारा हा गृहस्थ त्या दिवसांत स्वतः बाफले, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांवर भाजी, तुपात बुडवी आणि शिव्या देत वाढी.

"खा, धारवाल्या! उद्या माती खायचीय."

"भिया, घी जरा और डाल," खंडेराव शांतपणे म्हणत. "हारना ही है तो पेट भर के हारूँ."

माहेरचं माणूस आल्यासारखे दाजीबा फुलतात, असं माझी बायको म्हणे. खरंच होतं ते.

एका पावसाळ्यात खंडेराव तापाने गेले. बातमी ऐकून दाजीबांनी मिशीवरून हात फिरवला. "भ्याला लेकाचा," म्हणाले. मग कितीतरी दिवस ते आमटी न्यायला आले नाहीत.

दसऱ्याला धारेहून खंडेरावांचा शागीर्द आला. राणोजी त्याचं नाव. ऐन पंचविशीतला, अंगाने पहिलवान. दाजीबांची पन्नाशी उलटलेली. मला धास्ती वाटली, कारण आपण कधी हरलो नाही, एवढीच त्या माणसाची मिळकत होती.

सामना सुरू झाला आणि राणोजीने दाजीबांना पार फिरवलं. डावा खांदा उघडा पडला. फरी तिथवर चढेना. राणोजीचा गदगा वर गेला, थबकला, आणि तो मागे सरला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, तेव्हा दाजीबा थांबले.

"मारत का नाहीस रे?"

राणोजी खाली बघू लागला. "उस्तादांची कसम आहे, दाजीसाहेब. म्हणायचे, देवासला गेलास तर त्यांचा डावा खांदा सोडून मार. तो हात छातीच्या वर जात नाही."

सगळं मैदान ऐकत होतं. तरुणपणी घोड्यावरून पडून तो खांदा अधू झाला होता, हे आम्हा शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तो लपवायला हा माणूस जन्मभर तिरका चालला, आणि ज्याच्यापासून लपवायचा त्याला ते पहिल्यापासून माहीत होतं.

"खंड्याला ठाऊक होतं?" दाजीबा म्हणाले. कुणाला विचारत होते, कोण जाणे.

मग त्यांनी आपला गदगा चुन्यात बुडवला आणि स्वतःच्याच डाव्या खांद्यावर लांब पट्टा ओढला. मंदील उतरवून राणोजीच्या हातात दिला. "त्याच्या घरी नेऊन ठेव. म्हणावं, दाजी हरला."

दुसऱ्या दिवशी दाजीबा आमच्याकडे आले ते समोरून. मिशी, छाती, दोन्ही खांदे, सगळं एकदम. डावा हात अंगाशी आखडलेला, उजव्या हातावर बाफल्यांची परात. मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

"वहिनी, पानं मांडा," ते माझ्या बायकोला म्हणाले. "दर सालच्या अंदाजानं केले. खाणारा नाही, हे तूप ओतल्यावर लक्षात आलं."