आमच्या उत्तरेतल्या घराचे पहिले पाहुणे

झालं एवढंच, की ट्रकवाल्याला घर सापडावं म्हणून मी मोठ्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

पण थोडं आधीपासून सांगतो. अलबोर्झचे डोंगर ओलांडले की कास्पियन समुद्राच्या काठानं जो हिरवागार पट्टा लागतो, त्याला आम्ही तेहरानवाले नुसतं 'उत्तर' म्हणतो. तेहरानात धूर झाला, चला उत्तरेला. लिफ्ट बंद पडली, चला उत्तरेला. प्रश्न कुठलाही असो, आमच्याकडे उत्तर हेच उत्तर. बाकीचे चार दिवस राहून परत येतात. मी विमा कचेरीतून निवृत्त झालो आणि रामसरच्या अलीकडे, संत्र्याच्या बागेला लागून, लाल पत्र्याच्या उतरत्या छपराचं एक घर घेऊनच टाकलं. कायमचं राहायला.

फरंगीस, म्हणजे माझी बायको, नाखूश होती. "तिथे आठवडाभर गंमत वाटते, होशंग," ती म्हणाली. "मग बघायचं संपतं आणि तू माझ्याशी गप्पा मारायला लागतोस."

शेवटी तडजोड झाली. उन्हाळाभर राहून बघायचं. तेहरानचा फ्लॅट तोवर तसाच ठेवायचा, किल्ली तिच्या धाकट्या बहिणीकडे, परीचेहरकडे. फरंगीसला करमलं नाही तर सामान पुन्हा ट्रकमध्ये. म्हणजे तिचं मन इथं रमवणं हे माझं एकमेव काम होतं, आणि ते मी जिवापाड करायचं ठरवलं होतं.

जायला दिवस निवडला जोडून आलेल्या सुट्टीचा. सुट्टीत रस्ते मोकळे असतील, हा माझा अंदाज. (विमा कचेरीत धोक्याचे अंदाज बांधण्यात माझी हयात गेली.) सगळं तेहरान रस्त्यावर होतं. आम्ही आमच्या छोट्या गाडीतून कसेबसे दुपारी पोचलो. ट्रक मात्र मागे चालूसच्या घाटात अडकला.

तर मी रस्त्यावर उभा राहिलो. हातात घराची किल्ली, कारण खिशात ठेवली की ती हरवते. एवढा आनंद झाला होता की उभ्या उभ्या ती किल्ली मी बोटावर गरगर फिरवत होतो. थोड्या थोड्या अंतरावर आणखीही माणसं किल्ल्या फिरवत उभी होती. सुट्टीत पर्यटकांना खोल्या भाड्यानं देणारे स्थानिक लोक असेच उभे राहतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी आता पर्यटक थोडाच होतो. मी रहिवासी होतो. शेजारच्या लोकरी टोपीवाल्या म्हाताऱ्याला मी शेजारधर्म म्हणून सलाम केला. त्यानं तोंड फिरवलं. म्हटलं, लाजाळू दिसतोय.

इतक्यात एक मोठी पांढरी गाडी माझ्यासमोर थांबली. काच खाली झाली. आत भरघोस मिशांचे एक गृहस्थ, शेजारी त्यांची बायको, मागे बशीएवढ्या चष्म्याची एक म्हातारी.

"घर आहे का?" त्यांनी विचारलं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आदल्या दिवशी परीचेहरचा फोन आला होता. तिच्या मुलीचं नुकतंच लग्न ठरलेलं, आणि मुलाचे आईवडील सुट्टीत उत्तरेत येणार होते. 'तुमच्याकडे डोकावतील हं, नीट बघा,' ती म्हणाली होती. आम्ही दोघांनीही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. (हा फोन फरंगीसला सांगायचा राहून गेला. सांगायचं राहून जाणं हा मला जुनाच विकार आहे.)

"आहे म्हणजे काय, तुमचंच आहे," मी म्हणालो. "तुमचीच वाट बघत होतो."

"घ्याल किती?"

पाहुणा थट्टेखोर निघाला, म्हणून मी खूश. "तुमच्यापुढे काय किंमत आहे त्याची?"

आमच्याकडे टॅक्सीवालासुद्धा भाडं घेण्याआधी असंच म्हणतो. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा तेच म्हणालो. "बरं, मग जाताना बोलू," ते म्हणाले. मी उडी मारून मागच्या सीटवर म्हातारीशेजारी बसलो आणि त्यांना घरी घेऊन आलो.

"फरंगीस," मी दारातूनच हाक मारली, "बघ कोण आलंय. जमशीदीसाहेब." नाव मी वाटेतच विचारून घेतलं होतं.

फरंगीस डोक्याला रुमाल बांधून जळमटं काढत होती. क्षणभर तिचा चेहरा पांढरा पडला, मग ती असं गोड हसली की तिच्या मनाचा मोठेपणा बघून मला भरून आलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढे कळलं. आमच्या कचेरीत नवे साहेब आले होते. ते तिनं पाहिलेले नव्हते. माझी पेन्शन त्यांच्या एका सहीवाचून अडकली होती, आणि निरोपसमारंभात मी अख्ख्या कचेरीला 'या आमच्याकडे उत्तरेला' म्हणून आमंत्रण देऊन बसलो होतो. त्यात मी 'साहेब' म्हणालो.

चांगली खोली त्यांना दिली. थोड्या वेळात ट्रकही आला. सोफा आत जाताना बघून जमशीदीसाहेब थक्क झाले. "अहो, आमच्यासाठी एवढं कशाला?"

"तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी?" मी सोफ्याखालून म्हणालो.

"टीव्ही नाही का?" म्हातारीनं विचारलं. तिला सगळे बीबीजान म्हणत.

"येतोय, बीबीजान. फ्रिजच्या मागोमाग." फ्रिज आला, टीव्ही आला, फरंगीसचं शिवणयंत्र आलं. प्रत्येक वस्तूला बीबीजान मान डोलवायची आणि सुनेला सांगायची, "मागच्या वर्षीच्या ठिकाणी साधा पंखा नव्हता."

स्वयंपाकघरात फरंगीस माझ्या कानाशी कुजबुजली, "आधी सांगायचंस तरी."

"मला तरी कुठे नक्की माहीत होतं? पण तू काळजी करू नकोस. मी तुझी मान खाली जाऊ देणार नाही."

"आणि मी तुझी," ती म्हणाली, आणि बाही सरसावून वांगी भाजायला घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

मग मी जो राबलो, त्याला तोड नाही. पाहुणे खूश झाले तर परीचेहरजवळ घराची तारीफ करतील, परीचेहर फरंगीसला सांगेल, आणि बहिणीनं तारीफ केलेली गोष्ट फरंगीस सोडत नाही. मी चहा नेला, उशा बदलल्या, गाडी धुतली. संध्याकाळी शेजारच्या भातशेतात बेडूक ओरडायला लागले तेव्हा जमशीदीसाहेब म्हणाले, "यांचं काही करता येईल का?"

"बघतो," मी म्हणालो.

खरंच बघायला गेलो. बांधावर उभा राहून चिखलात खडे मारत होतो, तर तो लोकरी टोपीवाला म्हातारा पुढ्यात. शेत त्याचं होतं, पलीकडचं घरही त्याचंच. नाव रजब.

"काय करताय?"

"बेडूक गप्प करतोय. पाहुण्यांना त्रास होतो."

रजबनं मला नीट न्याहाळलं. "पहिल्याच दिवशी माझं गिऱ्हाईक पळवलंत," तो म्हणाला, "आता माझे बेडूक पण पळवा." आणि निघून गेला. मला वाटलं, इकडची बोली असेल, आपल्याला पूर्ण कळत नाही.

दुसऱ्या दिवशी फरंगीसनं आणि मी सकाळीच बाजार गाठला. मासे आणले, लसणाचं लोणचं आणलं. फरंगीस कोळणीशी घासाघीस करताना अशी रंगली होती की मला तिचं लग्नाआधीचं रूप आठवलं. परत येताना ती चक्क गुणगुणत होती. जेवायला ताटं रिकामी होऊन परत येत होती, बीबीजान तिसऱ्यांदा भात मागत होती, आणि फरंगीसचे गाल चुलीपेक्षा लाल झाले होते. माझं काम फत्ते होत होतं.

निघायच्या सकाळी जमशीदीसाहेबांनी ओसरीवर येऊन पाकीट काढलं. "हं, आता हिशेब सांगा."

मला धक्का बसला. "हिशेब? सोयऱ्यांमध्ये कसला हिशेब?"

"कोण सोयरे?"

"तुम्ही. आम्ही. तुमचा मुलगा, आमच्या मेहुणीची मुलगी."

"मला मुलगा नाही," ते सावकाश म्हणाले. "तीन मुली आहेत."

माझ्या आवाजानं फरंगीस हात पुसत बाहेर आली. "साहेब, त्याचं मनावर घेऊ नका. चुकलंमाकलं पोटात घाला, आणि ते पेन्शनच्या सहीचं तेवढं..."

"कसली सही?"

"तुम्ही विमा कचेरीतले साहेब ना?"

"माझं टायरचं दुकान आहे, खानूम."

ओसरीवर फक्त बीबीजानचं बिस्किट कुरकुरत होतं.

"अहो, तुम्ही किल्ली फिरवत रस्त्यावर उभे होतात," जमशीदी म्हणाले. "मी म्हटलं घर आहे का, तुम्ही म्हणालात आहे." मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "थांबा. काल तुम्ही बाजारात होतात तेव्हा एक जोडपं आलं होतं. मिठाईचा डबा घेऊन. मी सांगितलं, घर भरलंय, दुसरीकडे बघा."

"आणि मिठाई?" मी उगाच विचारलं.

"छान होती," बीबीजान म्हणाली.

फरंगीस मटकन पायरीवर बसली. भाचीचे सासूसासरे, दारातून परत. परीचेहरला तोंड दाखवायची सोय उरली नाही. आता ती उठणार आणि ट्रक बोलाव म्हणणार, हे मला दिसत होतं. मी चपला घालून धावत सुटलो. कुठे धावतोय ते ठरवलं नव्हतं, पण फाटकातच रजब आडवा आला.

"शोधताय कुणाला? दोघं नवराबायको, तेहरानचे? माझ्याकडे उतरलेत. बेडकांनी झोपू दिलं नाही म्हणून चिडलेत."

मी त्याला मिठीच मारली. त्याला ती आवडली नाही.

व्याही आले. मोठ्या रागानं आले, बाई तर फाटकाच्या आत पाऊल टाकेना. मी रस्त्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. किल्लीपर्यंत आलो तेव्हा व्याह्यांच्या मिशा हलल्या, टायरच्या दुकानापर्यंत आलो तेव्हा विहीणबाईंनी फाटकाला धरून हसायला सुरुवात केली. फरंगीस पायरीवर बसल्या बसल्या त्यांच्याहून जास्त हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळ्यांनी मिळून उरलेली मासळी संपवली. रजबसुद्धा बसला. जमशीदींनी पुन्हा पाकीट काढलं, मी पुन्हा 'तुमच्यापुढे काय किंमत' सुरू केलं.

"होशंग, तू गप्प बस," फरंगीस म्हणाली, आणि पैसे घेऊन हक्काचे असल्यासारखे ठेवून दिले.

पांढरी गाडी वळणाआड गेली तशी तिनं परीचेहरला फोन लावला. मी दाराआडून ऐकत होतो. "फ्लॅटला भाडेकरू बघ," ती सांगत होती. "नाही गं, उन्हाळ्यापुरतं नाही. कायमचं. मी इथं मागच्या खोल्या पर्यटकांना देणार आहे. लोकांना माझं जेवण आवडतं, होशंगला इतक्या वर्षांत सांगावंसं वाटलं नाही तो भाग वेगळा."

मला आकाश ठेंगणं झालं. मी ओसरीवर जाऊन उगाच दोन फेऱ्या मारल्या. फरंगीस बाहेर आली आणि मला बघून पुन्हा खुदकन हसली.

"काय झालं?"

"निघताना जमशीदींची बायको तुझ्याकडे बघून लाजेनं लाल झाली होती, बघितलंस? काल ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, 'तुमचा हा माणूस कामाला वाघ आहे हो. असा मिळत नाही आजकाल. कधीपासून आहे तुमच्याकडे?' मला वाटलं साहेबांची बायको थट्टा करतेय. मी म्हटलं, 'लग्नापासून. वडिलांनीच शोधून दिला.'"

"मग?"

"मग म्हणाली, 'महिनाभर आमच्याकडे पाठवाल का? दोन वेळचं जेवण देऊ आणि वर कपडे.'"

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, 'कपडे राहू द्या. पण महिनाभराऐवजी दोन महिने ठेवून घ्या.'"